शनिवारची सफाई

भेस्तान, सुरत
१४ ऑगस्ट १९९७, गुरुवार

चि. सौ. वर्षा हिस,

एक नाव बदललं ते नेमकं केवढ्याला पडलं, ते मी काल बसून मांडलं. होळीनंतरची साड्यांची तीनशे बारा डिझाइनं कॉम्प्युटरमधून पुसली गेली. होळीपर्यंतची फ्लॉप्यांवर होती, ती वाचली. गेलेल्यांपैकी एकशे सत्तरांचे ग्राफचे कागद गिऱ्हाइकांकडे सापडले. ती परत भरायला दोन माणसं रोज दहा तास बसली तर दिवाळी उजाडेल. उरलेल्या एकशे बेचाळीसचा कागदही कुठे नाही, म्हणजे ती कुणी काढलीच नव्हती असं धरायचं. जयंतीभाईंचा मोरांचा पदर त्यातलाच. पडद्यासमोर बसून बसून उखाचे डोळे सुजलेत. ललित घरात जेवत नाही, स्टेशनजवळच्या खानावळीत जातो. तुझी सासू माझ्याशी ताटापुरतंच बोलते. आणि मंगळवारच्या भुसावळ पॅसेंजरनं तू गेलीस. हे शेवटी लिहिलं, पण शेवटी आठवलं असं समजू नकोस.

हे पत्र तुझे वडील वाचणार हे मी धरून चाललोय. वाचू दे. शाळेत क्लार्क असलेला माणूस कागद सोडत नाही. मशीनमध्ये असं झालं तरी काय, असं व्याहीबुवांनी विचारलं तर त्यांना पुढचं वाचून दाखव.

मी सुरतेत आलो तेव्हा उधन्याच्या कारखान्यात अठ्ठेचाळीस माग होते. खडूनं नंबर घातलेले, पण नंबरानं कोणी बोलायचं नाही. "उखाच्या मागावर बीम चढवा." "निंबाच्या मागाचा धोटा बघा." आपला उखा गावी गेला, त्याच्या जागी ओडिशाचा कोणी बसला, तरी माग उखाचाच. नाव जागेचं, बसणारा बदलता. कॉम्प्युटरवाले त्यालाच व्हेरिएबल म्हणतात. युनिक्सवर शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीनं द्यायचे हुकूम, लिहायला शिकलो तेव्हा ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी समजली, कारण ती मला आधीच येत होती. नावापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की मशीन बघतं, या जागेवर आत्ता कोण बसलंय, आणि त्याला घेऊन कामाला लागतं.

म्हणून मी जागांना घरातलीच नावं दिली, माझं, बायकोचं, पोराचं. मागाला नक्षी सांगणारी जेकार्डची कार्डं पंच होऊन गेली की जुनं काम जिथे पडतं ती जागा निंबा. नवं काम येतं ती कला. पंचिंगला निघालेलं ते ललित. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचो, "शेठ, माझं सगळं घर या डब्यात बसवलंय. आता चूक होईल कशी?" शेठ हसायचे आणि काम टाकून जायचे.

मग तू आलीस, डिप्लोमा घेऊन. काम चोख, यात वाद नाही. पण जुलैत तू सेटिंगच्या फायलीत ती नावं बदललीस. निंबाचं "जुना" केलंस, कलाचं "नवा". आणि जुनं काम पुसणाऱ्या माझ्या शनिवारच्या सफाईच्या फायलीत निंबाच राहिला. नऊ तारखेला मी नेहमीसारखी सफाई चालवली. निंबा नावाच्या जागेवर कोणीच बसलेलं नव्हतं. पुढचं तुला माहीत आहे.

मला सांगितलं असतंस तर ही वेळ आली नसती, एवढंच म्हणतो. राग नाही. दहा तारखेला कानबाईच्या मांडवात जे बोललो ते जयंतीभाई समोर येऊन उभे राहिले म्हणून बोललो. सणाच्या मांडवात मोरांचा पदर मागायला आलेल्या माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

तब्येतीला जप. शिंदखेड्याचं पाणी तुला बाधतं.

निंबा बोरसे


भेस्तान
२२ ऑगस्ट १९९७

चि. सौ. वर्षा हिस,

तुझं कार्ड आलं. अगं, पाकीट मिळत नव्हतं का? पोस्टमननं वाचलं, जिन्यात भेटलेल्या पुष्पाबाईला दिलं, तिनं वाचलं, आणि मंगलाबाईच्या हातून ते माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा तिला पाठ झालं होतं. मंगलाबाई तुझी मावशी म्हणून नाही बोलत, पण ती बाई टपाल खात्यात हवी होती.

पाच ओळी लिहिल्यास. "मामा, सांगितलं होतं. तुम्हाला माहीत आहे. धुळ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची जागा आहे. तुमच्याकडे दोन वर्षं काम केलं आणि कामात कसूर केली नाही, असा दाखला हवा. गणपती बसायच्या आधी." खाली सही. मामींना नमस्कारसुद्धा नाही.

सांगितलं असशील. त्या दिवशी प्रिंटर चालू होता. त्या प्रिंटरचा आवाज तुला माहीत आहे, शेजारचा माणूस मेला तरी कळणार नाही.

हे वरचं लिहून झाल्यावर माझंच मला हसू आलं. कारण माझ्या कानांचं कौतुक तूच पाहुण्यांना सांगायचीस. अठ्ठेचाळीस माग एका दमात चालू असताना चौथ्या ओळीतला धोटा सैल झालाय, हे मी दारातून ओळखायचो. मुकादमानं मला मागावरून उठवून माग दुरुस्त करणारा जॉबर केलं ते या कानांमुळे. आजही चहाचा कप तोंडाला लावलेला असताना हार्ड डिस्क वाचतेय की लिहितेय ते सांगतो. मांडवात लोकांनी विचारलंच होतं, "निंबाभाऊ, सूनबाईनं सांगितलं नव्हतं का बदलल्याचं?" मी म्हणालो, "सांगितलं असतं तर या कानांनी ऐकलं नसतं?" सगळा मांडव हसला. तू प्रसादाच्या रोटांचं ताट घेऊन उभी होतीस.

आता दाखला. दोन वर्षं काम केलं हे मी आनंदानं लिहितो. "कसूर केली नाही" हे कसं लिहू? दीडशे माणसांपुढे एक बोललो आणि कागदावर दुसरं लिहिलं तर माझं राहिलं काय? पोरी, माझ्याकडे ना शिक्षण, ना बापाची जमीन. शब्द आहे. तो कमवायला पंचवीस वर्षं गेली. आज मी हाक दिली तर भेस्तानपासून लिंबायतपर्यंत निम्मा खानदेश चपला घालून उभा राहतो. असा शब्द असा परत गिळता येत नाही.

सोबत दाखला ठेवतो. "सौ. वर्षा ललित बोरसे यांनी आमच्याकडे दोन वर्षे काम केले आहे." शिक्का मारलाय. क्लासवाल्याला एवढ्यावर समाधान वाटायला हवं.

ललितला दोन शब्द लिही. तो माझ्याशी फक्त मशीनपुरतं बोलतो.

निंबा बोरसे


भेस्तान
२८ ऑगस्ट

चि. वर्षा हिस,

दाखला परत आला. त्यावर तू काही लिहिलं नाहीस, घडीसुद्धा मी घातली होती तशीच. हे जास्त लागलं.

त्याच दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. क्लासचे सर. गोड बोलणारा माणूस.

"बोरसे, तुमच्या सूनबाईंबद्दल विचारायचं होतं. मुलगी हुशार आहे. पण इकडे कानावर आलं की तुमच्याकडचं सगळं काम तिनं पुसून टाकलं. आमच्याकडे चाळीस पोरांची मशीनं आहेत हो. खरं काय ते तुम्ही सांगितलं तर बरं."

मी म्हणालो, "सर, तो आमच्या घरचा मामला आहे."

"म्हणजे खरं आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"'नाही' असं पण म्हटलं नाहीत." आणि त्यांनी ठेवला. शिकवणारा माणूस आहे, गाळलेली जागा त्याला बरोबर दिसते.

ऑफिसात तेव्हा तिघं होती. उखा कार्डं ओवत होता, ललित मशीनसमोर, आणि तुझी सासू चहा घेऊन दारात. मग ललितनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "बापू, इकडे या. एक बघा."

त्यानं पडद्यावर एकच ओळ टाकली होती. सीडी, म्हणजे 'जा', पुढे डॉलर, पुढे असं नाव जे कुणाचंच नाही. "आता बटण तुम्ही दाबा." मी दाबलं. मशीननं तक्रार केली नाही, शिटी मारली नाही, काही नाही. ललित म्हणाला, "आता कुठे आहोत ते विचारा." विचारलं. मशीन माझ्या घरी जाऊन उभं होतं. माझ्या नावानं लॉगिन केलं की सुरुवातीला जी जागा मिळते तिला युनिक्सवाले होम म्हणतात, त्या होममध्ये.

"नाव रिकामं निघालं," ललित म्हणाला, "की त्याच्या लेखी तुम्ही नुसतं 'जा' म्हणालात. कुठे ते सांगितलंच नाही. मग ते घरी जातं. तुमच्या फायलीत पुढची ओळ काय होती?"

पुढची ओळ मला पाठ आहे. इथे जे असेल ते सगळं काढून टाक. आणि सगळी डिझाइनं माझ्याच होममध्ये ठेवायची, हा हट्टही माझाच. गिऱ्हाइकाचा माल मालकाच्या घरात राहावा, असं मी तुम्हा दोघांना सांगितलं होतं.

मग त्यानं नव्या फायलीत सगळ्यात वर एक छोटी ओळ घातली. सेट, पुढे आडवी रेघ, पुढे यू. परत तेच चालवलं. या वेळी मशीन जागच्या जागी थांबलं आणि म्हणालं, हे नाव कुणी ठरवलेलं नाही. 

"ही ओळ आधी का नव्हती रे?" मी विचारलं.

"मार्चमध्ये वर्षानं सुचवली होती. तुम्ही म्हणालात, माझ्या फायलीत कोणी हात घालायचा नाही."

उखानं ओवलेली कार्डं खाली ठेवली. "निंबा," तो म्हणाला, "आपला जुना माग बरा होता यार. धागा तुटला तर थांबायचा तरी."

तुझ्या सासूनं कप टेबलावर ठेवले आणि आपल्या अहिराणीत, माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुमले सांगं व्हतं तिनी. मी दारमा उभी व्हतू. मी आयकं." आणि पदर सावरून जिना उतरून गेली.

हे पत्र इथेच थांबवतो. आज पुढचं लिहिणं होत नाही.

निंबा


भेस्तान
३१ ऑगस्ट १९९७, रविवार सकाळ

वर्षा,

हे ललितच्या हातानं पाठवतोय. तो साडेबाराची गाडी धरणार आहे. तो कधी परत येणार हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. व्याहीबुवांनाही हे वाचून दाखव, यातलं एकही वाक्य गाळू नकोस.

नावं बदलायला तुला मीच सांगितलं होतं.

उखा आत येऊन ओरडायचा, "वर्षाबाई, निंबा उडवू का? कला कॉपी करू?" आणि तुझ्या सासूच्या अंगावर काटा यायचा. तू कधीच नाव घ्यायची नाहीस. बोटांनी टाइप करायचीस, पण तोंडानं "ते जुनं वालं", "एनवालं". नव्या ऑपरेटरला शिकवताना फारच अडलं तर एक एक अक्षर सांगायचीस, एन, आय, एम, आणि उखा हसून लोळायचा. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं घ्यायचं नाही, सासूचंही नाही, आणि मी मशीनभर तीच पेरून ठेवलेली. तुला दिवसाला दोनशे वेळा अडवण्याची सोय मी केली होती आणि त्याचंच कौतुक गिऱ्हाइकांना सांगत होतो.

जुलैच्या सोळा तारखेला फोनवर कामरेजच्या शेठला तू काहीतरी समजावत होतीस. त्याला काही कळेना. शेवटी तुझ्या तोंडून "निंबा" निघालं, तेही "निंबा पुसून टाकलं की झालं" असं. तुझ्या सासूनं ते ऐकलं आणि ती दोन दिवस ऑफिसात आली नाही. तेव्हा मी तुला म्हणालो, "बदल बाई ती नावं. घरात शांतता हवी."

घरातल्या बाया नाव न घेता सगळा संसार चालवतात, कारण ऐकणारा समजून घेतो. "अहो" म्हटलं की कोण ते कळतं. मशीन समजून घेत नाही. हे मला कळायला हवं होतं, मी मशीनवाला होतो.

एकोणीस तारखेला, शनिवारी, पावणेअकराला तू माझ्या टेबलापाशी आलीस. प्रिंटर बंद होता. तू जे बोललीस ते शब्दाला शब्द लिहितो, म्हणजे माझे कान कसे आहेत ते तुझ्या वडिलांनाही कळेल.

"मामा, सेटिंगमध्ये मी नावं बदललीत. जुनी नावंही काही दिवस ठेवलीत, दोन्ही चालतील. पण शनिवारची फाईल तुमच्या कुलपात आहे, तिला मला हात लावता येत नाही. तिथे तुम्ही बदला. महिनाअखेरीला मी जुनी नावं काढणार. त्याआधी बदला, नाहीतर ते रिकामं निघेल."

मी म्हणालो, "हो हो, बदलतो."

"रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय."

"बरं केलंस."

एकतीसला परत आलीस. "मामा, झालं का?" मी म्हणालो, "झालं." झालं नव्हतं. ऑगस्टच्या दोन तारखेच्या शनिवारी मी उधन्याला होतो, सफाई केली नाही. म्हणून ते नऊपर्यंत टळलं.

का बदललं नाही, ते सांगतो. फाईल उघडली होती मी. एकदा नाही, तीनदा. पडद्यावर माझं नाव, मी शिकत असताना एका बोटानं टाइप केलेलं. दुसरी इयत्ता शिकलेल्या माणसानं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं पहिलं नाव ते. ते माझ्याच हातानं खोडून "जुना" लिहायचं, हे जिवावर आलं. सगळीकडून काढलंच आहे, इथे माझ्या कुलपात राहिलं तर कुणाचं काय बिघडतं, असं वाटलं. याहून मोठं कारण काही नाही. मी शोधलं, मिळालं नाही.

नऊ तारखेला बटण दाबलं तेव्हा उखा समोर होता. सफाईला अर्धं मिनिट लागतं. दोन मिनिटं झाली तरी डिस्क खडखडत होती. माझ्या कानांनी तेव्हाच सांगितलं की हा आवाज शनिवारचा नाही. मी उखाला म्हणालो, "आज बरंच जुनं साठलेलं दिसतंय." तारीख होऊन गेलीय हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं होतं. पण हात लावला असता तर चुकलं हे उखासमोर कबूल झालं असतं. चार मिनिटं मी ते ऐकत बसलो. निम्मी डिझाइनं त्या चार मिनिटांत वाचली असती.

तू धावत आलीस आणि मशीनची वायर ओढलीस. उरलेलं जे काही आहे ते त्यानं उरलंय.

आणखी एक आहे. ते ललितला ठाऊक नाही, तुझ्या सासूला नाही. सगळे खाली गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. एकोणीस जुलैचं पान होतं. तुझं अक्षर, खाली रेघ, आणि "मामांना सांगितले" असं लिहून माझ्या सहीसाठी सोडलेली जागा. ते पान मी फाडलं. बारीक तुकडे केले आणि चहाच्या चोथ्यात घातले. दुसऱ्या दिवशी मांडवात तू म्हणालीस, "रजिस्टर बघा ना," आणि मी म्हणालो, "आणा रजिस्टर, बघूया." उखानं आणलं. पान नव्हतं. तू त्या रजिस्टरकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि गप्प राहिलीस. त्या वेळी तू ओरडली असतीस तरी चाललं असतं. सगळ्यांनी तुझं गप्प राहणं कबुली धरली, आणि मी धरू दिली. मग लोकांनी हसायला सुरुवात केली. "सुनेनं सासरा पुसला" हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला आठवतं. मी बोललो.

सोबत नवा दाखला आहे. ललितकडून लिहून घेतला नाही, माझा मी लिहिलाय, चुका असतील:

"सौ. वर्षा ललित बोरसे यांनी आमच्याकडे दोन वर्षे काम केले. त्यांच्या कामात कसूर नाही. दि. ९ ऑगस्ट १९९७ रोजी आमच्याकडील डिझाइने पुसली गेली ती माझ्या हाताने, माझ्या फाईलमुळे. त्यांनी मला दोनदा आगाऊ सांगितले होते व रजिस्टरमध्ये नोंद केली होती. ती नोंद मी फाडली. मशीन बंद करून उरलेली डिझाइने त्यांनी वाचवली. निंबा आनंदा बोरसे."

धुळ्याच्या सरांना काल फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोरसे, हा कागद मूळच्या सहीनं पाठवा, झेरॉक्स नको." म्हणजे विश्वास अजून अर्धाच आहे. त्यांचं चुकत नाही.

कागदानं धुळ्याचं होईल. भेस्तानचं नाही होणार. जे मांडवात बोललो ते मांडवातच परत घ्यायला हवं, हे मला समजतं. येत्या रविवारी, सात तारखेला, मंडळाच्या खोलीत सगळ्यांना बोलावतोय. त्याच माणसांना. जयंतीभाईंनासुद्धा. उखा घरोघर सांगत फिरतोय.

तू परत ये असं यात कुठे लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

निंबा


भेस्तान
८ सप्टेंबर १९९७, सोमवार

वर्षा,

ललितचा शिंदखेड्याहून फोन आला होता. तुला जागा मिळाली म्हणाला, पंधरा तारखेपासून तू शिकवायला उभी राहणार. त्यालाही धुळ्यात एका ठिकाणी बोलावलंय, असं तो जाता जाता बोलला आणि लगेच एसटीडीचं मीटर पळतंय म्हणाला. मी म्हटलं, पळू दे. पण ठेवलाच त्यानं.

तुझ्या सासूनं तुझे कपडे, डिप्लोमाची फाईल आणि ती निळी चादर बांधून ठेवलीय. नेणारं कोणी मिळालं की पाठवते म्हणाली. चादर कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "धुयामा थंडी नही का पडत?" धुळ्याच्या थंडीचं हे एवढं माझ्याशी ती त्या दुपारनंतर पहिल्यांदा बोलली.

कालची बैठक झाली. मी उभं राहून सगळं सांगितलं. रजिस्टरच्या पानाचंही सांगितलं. जयंतीभाई पुढच्याच खुर्चीवर होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "निंबाभाई, मोर तो गयो ने?" मी म्हटलं, "गयो, शेठ." ते म्हणाले, "तो पछी वहुने शुं काम वगोवी?" मोर गेला तो गेला, मग सुनेची बेअब्रू कशाला केलीस. ते आपलं उरलेलं काम दुसरीकडे नेणार आहेत. त्यांनी तसं सांगितलं, आणि चहा घेऊन गेले.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे भाऊ, पोरीनं काहीच केलं नव्हतं?" मी म्हणालो, "काही नाही." तो म्हणाला, "मग आम्ही महिनाभर हसलो कशाला?" तोही उठून गेला.

मशीनचं काम चालू आहे. शनिवारची फाईल ललित जायच्या आधीच त्याच्या नावावर केली. माझ्या नावाची जागा कुठेच ठेवलेली नाही, आणि सफाई सुरळीत होते.

उद्यापासून संध्याकाळी दाखल्याची नक्कल खिशात घालून मी घरोघर जाणार आहे. पहिलं घर मंगलाबाईचं. ती दार उघडेल की नाही सांगता येत नाही. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मी कुठे काय बोलले होते?" मग लिंबायत, मग उधना. गुडघे कुरकुर करतात, पण चालतील.

व्याहीबुवांना माझा नमस्कार. त्यांनी तो घेतला नाही तरी कळव.

निंबा

ता. क. बैठक झाल्यावरही घरोघर कशाला जायचं, असं तू विचारशील, म्हणून लिहितो. मी साठ खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. माणसं नऊ आली, उखा धरून.